लाटेत उभ्या राहिलेल्या आजी

आई,
तुझ्या पाया पडून लिहायला बसलोय.

मी मजेत आहे. रोज पाहुण्यांना बसमधून दीपगृह, मत्स्यालय, किनारा दाखवतो. बोलून बोलून घसा बसतो, एवढंच.

आज एक आजी बसमधून उतरायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, "हे गेले. आता एकटीनं काय बघायचं?"

मी म्हटलं, "माझा हात धरा."

पायांवर लाट आली तशा त्या खुदकन हसल्या. नदीवर बाबांनी पाणी उडवलं की तू अशीच हसायचीस. बाबा गेल्यापासून ते हसू कानावर आलं नाही.

गुडघा कसा आहे? ताई येऊन जाते ना? एकटीसाठी कशाला चूल पेटवायची, म्हणून उपाशी झोपू नकोस.

थंडीत इकडे ये. एवढ्या लोकांना समुद्र दाखवला, तूच तेवढी राहिलीस.

वाट बघणारा,
तुझा धाकटा