तीन मिनिटं बावन्न सेकंद

३ नोव्हेंबर, सोमवार

३ मिनिटं ५२ सेकंद! आज पुन्हा मोजलं. बटण दाबल्यापासून वैजूची टाइपिंगची खिडकी पडद्यावर येईपर्यंत. कंपनीत बत्तीस वर्षं टाइमकीपर होतो, तेव्हाचं स्टॉपवॉच अजून चालतं. मशीन मात्र रांगतं.

वैजूला ऑगस्टमध्ये पॅरालिसिसचा झटका आला. नशीब थोर, डोकं पहिल्यासारखंच तल्लख आहे, समजतं सगळं. पण जीभ वळत नाही आणि उजवा हात साथ देत नाही. मग ती डाव्या हातानं टाइप करते आणि कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. आवाज पुरुषाचा, तोही सर्दी झालेल्याचा! पण बायकोचं बोलणं कुणाच्या का तोंडून होईना, घरात ऐकू येतं. हे सगळं बसवलं समोरच्या फ्लॅटमधल्या संघप्रियानं. आमच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं — कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते, फुकट मिळतं, आणि कुणीही आत डोकावून दुरुस्ती करावी असं असतं म्हणे. वैजू कोकण भवनातल्या सरकारी ऑफिसात मराठी टायपिस्ट होती, तिची बोटं दुसरी मांडणी मानायला तयार नव्हती. तर पोरीनं टाइपरायटरचीच जुनी मांडणी शोधून घातली. या मुलीचे उपकार कसे फेडू?

फक्त सुरू व्हायला जवळजवळ चार मिनिटं!

आज नाश्ता झाल्यावर वैजूनं बटण दाबलं. मी हातातलं टाकून शेजारी जाऊन बसलो. मशीन उठेपर्यंत तिच्या उजव्या हातात स्पंजचा बॉल देऊन दाबून घेतो, तो व्यायाम सांगितलाय. आणि वेळ जावा म्हणून कंपनीतलं काहीबाही सांगत बसतो. आज कृष्णातची गोष्ट — भोंगा होऊन गेल्यावर मागच्या भिंतीवरून उडी मारून आला आणि नेमका माझ्या पुढ्यात पडला. एवढ्यात मशीन सुरू झालं. गोष्ट तिथेच सोडली. म्हटलं, बोल, काय म्हणत होतीस?

तिनं डावा हात हलवला. राहू दे.

हे रोज होतंय. दिवसातून तीनदा-चारदा!

४ नोव्हेंबर, मंगळवार

क्षिप्रा मॅडम आल्या होत्या, स्पीच थेरपीच्या. त्यांना हे 'राहू दे' सांगितलं. म्हणाल्या, "काका, त्यांना बोलावंसं वाटत राहिलं पाहिजे. ती इच्छाच गेली ना, मग मशीन असून उपयोग नाही." मी म्हटलं, चार मिनिटं थांबून कंटाळत असेल? "असेल ना."

म्हणजे मी म्हणतो तेच. चार मिनिटं कुठलं बोलणं टिकणार? मला फ्रिज उघडल्यावर काय काढायला आलो ते आठवत नाही.

घाबरलोय. इथे खरं लिहायला काय हरकत! ती कायमची गप्प झाली तर या घरात मी भांडू कुणाशी?

५ नोव्हेंबर, बुधवार

मशीन चालूच ठेव म्हणून दहा वेळा सांगितलं. ठेवत नाही! दोन मिनिटं झाली की बंद. ऑफिसातून सगळ्यांच्या शेवटी निघायची, पंखे-दिवे बंद करत. ती सवय. मशीन नुसतं झोपवून ठेवून बघितलं, तर ते झोपलं की उठतच नाही. सौरभ पुण्याहून म्हणतो, "बाबा, टॅब पाठवतो, टेन्शन नको." टॅबच्या काचेवर तिचं बोट घसरतं. बघितलंय करून.

दुपारी दिवाळे गावातली कोळीण रखमा मासे घेऊन आली. तिच्याशी घासाघीस करणं ही वैजूची वीस वर्षांची मौज. ती उठली, भिंतीला धरत गेली, बटण दाबलं. रखमा दारात. "बाय, लवकर सांग गो, बर्फाचं पानी होतंय!" शेवटी मीच घेतले बोंबील, सांगेल त्या भावानं. मशीन उठलं तेव्हा रखमा तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. वैजूनं बोंबील बघितले, मग माझ्याकडे असं बघितलं की मशीनची गरजच पडली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

संघप्रियाला सुट्टी. माझं रडगाणं ऐकून घेतलं, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, आणि भराभर यादी उमटली. "काका, सुरू होताना कोण किती वेळ खातं ते हे. सगळ्यात उशीर करणारा सगळ्यात वर."

अहो, हे तर माझं लेटमार्कचं रजिस्टर! आयुष्यभर हेच केलं की. खुर्ची पुढे ओढून बसलो.

सगळ्यात मोठा वेळ मात्र एका वाट बघण्यात जात होता. बरोब्बर दीड मिनिट. सौरभनं कधीकाळी फोटो ठेवायला एक डिस्क जोडली होती, ती दोन वर्षांपूर्वी पुण्याला घेऊन गेला. मशीनला कुणी सांगितलंच नाही. ते रोज उठल्यावर दीड मिनिट तिची वाट बघतं, मग नाद सोडून पुढे जातं. संघप्रियानं यादीतून त्या डिस्कचं नाव काढलं. सौरभला कळवलं — तुझी वाट आम्ही बघणं सोडलं, मशीन अजून बघत होतं.

२ मिनिटं २० सेकंद!

आभार मानायला गेलो तर पोरगी म्हणते, "काका, नववीत माझा स्कॉलरशिपचा अर्ज काकूंनी टाइप करून दिला होता. चार वेळा चुकला, चार वेळा केला. तेव्हा मी कुठे थँक्यू म्हटलं?" वैजू ऐकत होती. तिनं डाव्या हातानं पोरीची पाठ थोपटली.

९ नोव्हेंबर, रविवार

संघप्रियानं कागदावर लिहून दिल्याप्रमाणे एकेकाला घरी बसवलं. ब्लूटूथ — आमच्याकडे त्याचं काही नाही. प्रिंटर — नाहीच. इंटरनेट मिळेपर्यंत सगळ्यांना गेटवर अडवून ठेवणारा एक होता, त्यालाही. १ मिनिट ३१. कंपनीत एवढी शिस्त कधी लावता आली नाही!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी फार वाईट केलं.

कंपनीत नियम होता. भोंग्यानंतर दहा मिनिटांपुढे आला की गेटवरून परत. आज मी एकटाच मशीनपुढे बसलो. आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांत एक सगळ्यांत शेवटी यायचा, बावीस सेकंद खायचा. इंग्रजी नाव, तोंडात बसेना. म्हटलं, हा कोण रोज मागून येणारा? त्याच्या नावापुढची खूण काढून टाकली. १ मिनिट ९! शाबासकी घ्यायला वैजूला हाक मारली.

तिनं टाइप केलं. आवाज नाही. पुन्हा केलं. नाही. मग ती एकच बटण दाबत राहिली, जोरजोरात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं, दुसऱ्यांदा गेला आवाज.

संघप्रिया महापेच्या ऑफिसात. फोन उचलेना, मीटिंगमध्ये असणार. दिवसभर वैजू बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून. जेवली नाही. मीही नाही.

संध्याकाळी पोरगी बूटसुद्धा न काढता आत आली. बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही काकूंचा आवाजच गेटवरून परत पाठवलात!" दोन मिनिटांत जागेवर बसवला. "शेवटी येतो कारण बाकीचे आल्याशिवाय त्याला कामच करता येत नाही." मग मला ताकीद: एका वेळी एकच बदल, आणि आधी वहीत लिहायचं.

मी वैजूची माफी मागितली. मशीनमधला सर्दीवाला तिच्या वतीनं म्हणाला, "घाबरले होते. जेवून घ्या."

१२ नोव्हेंबर, बुधवार

मशीनला हात लावला नाही. हिंमत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संघप्रियानं तिच्या जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी काढून आणली. एसएसडी म्हणजे डिस्कच, पण आत काही फिरत नाही, म्हणून झपाट्यानं वाचते. आमच्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं, सर्दीवाल्यासकट. तीन तास लागले. वैजूनं पोरीला समोर बसवून थालीपीठ खाऊ घातलं — म्हणजे थापलं मी, आणि खुणा करून चुका काढल्या तिनं.

मग बटण दाबलं.

१९ सेकंद!!

तीनदा मोजलं. १९, १९, १९. सगळ्या सोसायटीला ओरडून सांगावंसं वाटलं. देव मानतो मी, पण आज हात जोडले ते आधी समोरच्या फ्लॅटला. आणि ज्या कुणी हे लिनक्स लिहून जगाला फुकट वाटलं, त्या अनोळखी लोकांनाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रखमा आली. वैजूनं बटण दाबलं. रखमानं पाटी उतरवून पदरानं तोंड पुसलं, तेवढ्यात आतून सर्दीवाला: "त्या दिवशी यांना फसवलंस. आज चार बोंबील जास्त टाक."

रखमा दचकली. "आगं बाय! ह्यो कोन बोलतंय? तुजा नवरा तं गप उभा हाय!" मी आत बोट दाखवलं. वैजू हसत होती, वाकड्या तोंडानं, पण पोटभर. रखमानं पदर डोळ्यांना लावला आणि सहा टाकले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वैजू दिवसभर बोलते! भाजीत मीठ जास्त. टॉवेल कॉटवर टाकू नका. सौरभला फोन लावा. मी ओट्यापाशी उभा राहून 'हो हो' म्हणतो, कामं भराभर उरकतात. संध्याकाळी खाली कट्ट्यावरही जाऊन बसतो आता, तीन महिन्यांनी. बॉल तिचा तीच दाबते. क्षिप्रा मॅडम खूश. माझ्यासारखा सुखी माणूस नेरूळमध्ये दुसरा नसेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस वैजूनं बटण दाबलेलं नाही. मशीन तपासलं. १९ सेकंद, बरोबर आहे. मग?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी कट्ट्यावर निघालो होतो, चप्पल पायात. वैजूनं बटण दाबलं. बराच वेळ टाइप करत होती. मी दारातच उभा. सर्दीवाला बोलला: "संघप्रियाला विचारा, मशीन पुन्हा हळू करता येईल का. मला दर वेळी काही सांगायचं नसायचं. बटण दाबलं की तुम्ही येऊन शेजारी बसायचात. म्हणून तर सारखं बंद करत होते."

चप्पल काढली, खुर्ची ओढली, तिचा उजवा हात हातात घेतला.

ती डाव्या हातानं पुन्हा टाइप करायला लागली.

"कृष्णात भिंतीवरून पडला. पुढे काय झालं त्याचं?"