लाल कड्यांच्या कोंबड्या

१२ फेब्रुवारी १९७४
आज बारा कोंबड्यांचं रक्त काढलं. एकीनं मनगट ओरबाडलं. संध्याकाळी बाबा हातमागावर बसल्या बसल्या विचारतात — एवढं शिकून कोंबड्यांनाच टोचतोस का? समजावलं. रक्तातल्या एका प्रथिनाचे दोन प्रकार असतात, अ आणि ब. ते आईबापाकडून येतात. कोणत्या प्रकारची कोंबडी जास्त वाढते, जास्त अंडी देते, ते मी शोधतो. बाबा म्हणाले, ते तर बाजारातली बाई कोंबडी हातात धरून सांगते!

सरकारी कुक्कुटपालन केंद्रात तीन वर्षं झाली, अजून टेम्पररी. यातून काही निघालं तर कायम करू, असं हेडाऊ साहेब म्हणालेत. तोंडी.

१४ फेब्रुवारी
ब प्रकारच्या साठ कोंबड्यांच्या पायात लाल कडी घातली. आता दर वेळी यादी चाळायला नको. स्वतःच्या अकलेवर खूश आहे.

२० मार्च
निघालं! लाल कड्यांच्या साठ रोज अठ्ठेचाळीस अंडी देतात, बाकीच्या साठ फक्त चोवीस. दुप्पट! तीनदा बेरीज केली. वजनात मात्र छटाकभर फरक नाही. साहेबांना ते दाखवलं तर म्हणाले, "वजनाचं काहून टाकतो गा? पेपर सुटसुटीत ठेव."

२३ मार्च
पेपर गेला. साहेबांचं नाव पहिलं, माझं तिसरं. दुसरे गृहस्थ कोण, कळलं नाही.

१ एप्रिल
कोंबड्या सांभाळणाऱ्या भीमाबाई रामनवमीला रामटेकला गेल्या. अंडी गोळा करणं माझ्याकडे आलं. कोंबडी अंडं घालायला पेटीत शिरली की दार पडतं. मग तिला बाहेर काढायचं, पंखावरचा नंबर बघायचा आणि तोच अंड्यावर पेन्सिलीनं लिहायचा. एरवी हे भीमाबाईच करतात. आज लाल छत्तीस. बाकीच्या छत्तीस.

२ एप्रिल
लाल पस्तीस. बाकीच्या सदतीस.

३ एप्रिल
भीमाबाई आल्या. हातावर प्रसाद ठेवला. मी विचारलं, तर लपवलं काहीच नाही. मागच्या साहेबाच्या काळात लाल कडं म्हणजे विकायला काढलेली कोंबडी. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलं नव्हतं.

"तुम्ही साठ जणींले कडे घातले, मले वाटलं आता ह्या साऱ्या कापायले जातीन. मंग दुसऱ्याईचे थोडे थोडे अंडे त्याईच्या नंबरावर लिवले. जास्त अंडे दिसले का कोणी कापत नाही. अन् अंडे तर सारे सरकारचेच, सायेब."

म्हणजे माझा अख्खा शोध बाईच्या मायेचा! प्रथिनाचा संबंध एवढाच, की त्याच्यामुळे मी कडी घातली. रागावता आलं नाही. लाज वाटली, ती स्वतःचीच. वजनं मी स्वतः तराजूवर केली होती, म्हणून ती खरी निघाली — आणि तीच पेपरातून काढली.

५ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. ते चहा पीत राहिले. म्हणाले, बाईमाणसाच्या बोलण्यावर विज्ञान चालत नाही. पंधरा तारखेला कमिटी येते, आठ दिवसांची नोंदवही बघणार, अंडी बघणार, मला कायम करायची फाइलही त्यांच्याकडेच. मी म्हटलं, आपण दोन्ही गट पुन्हा मोजू. तर म्हणाले, मोजणार काय? कमी अंड्यांच्या साठ काल विकल्या. दाण्याचा खर्च वाचला.

विकल्या! निम्मी अंडी त्यांची होती. भीमाबाई रिकाम्या जाळीपाशी बसून होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

६ एप्रिल
लाल छत्तीस. पेपरात अठ्ठेचाळीस. नोंदवहीत रकाना कोरा ठेवला. बाबांनी विचारलं, कायम कधी? म्हटलं, पंधराला.

७ एप्रिल
इतवारीच्या बाजारातून एक डझन अंडी आणली. आमच्या कोंबड्यांसारखी पांढरी निवडून. भीमाबाईंपुढे टोपली ठेवली, पेन्सिल दिली. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात परत ठेवली.

"आपल्या कोंबड्याईचे होते तवा लिवले, सायेब. हे बाजारातले आहेत. हे तुम्हीच लिवा."

नंबर लिहिले.