सुनेची कुंडी, माझं शेणखत

तीन पत्रांना तुझं एक उत्तर, तेही अडीच ओळींचं, आणि त्यात ‘सगळं ठीक’ दोनदा. खरंच ठीक असतं तर एकदा लिहून भागलं असतं.

असो. चिरंजीवास आईचे आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे (गुडघा सोडून, पण तो काही आज धरलेला नाही). तुमची कळव, नातीची आधी.

पत्रास कारण तुझ्या बायकोचं ऑर्किड. ती गेली, दोन महिन्यांनी तुम्ही बापलेकही घर सोडून गेलात, आणि हे खिडकीतच राहिलं. झाडाच्या सालींत नि कोळशाच्या तुकड्यांत उभं, मातीचा कण नाही. मला वाटलं, सुनेनं याला उपाशीच ठेवलंय. मी चांगली काळी माती भरली, वर शेणखत, रोज तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडली, तशी काल बस धरून गावाबाहेर वाळवंटातल्या एका नर्सरीत गेले. (जिथे कुसळ उगवत नाही तिथे लोक ऑर्किडं फुलवतात, आणि मला घरात नळ असून एक जगवता येईना.) बाहेर वाळू खाल्ली, आत शेडमध्ये ओल्या पडद्यांतून पंख्यांचा वारा, चष्म्यावर अशी वाफ धरली की मी पहिला नमस्कार सालींच्या पोत्याला केला.

नर्सरीवाल्या बाईने कुंडी उलटी केली. “अगं बाई, हे कुणी केलं, आजी?”

मी म्हटलं, “सुनेनं.” (मेलेल्या माणसावर ढकलायला काय लागतं?)

तिने कुजलेली काळी मुळं कात्रीने कापली. तीन हिरवी उरली. म्हणाली, याच्या मुळांना हवा लागते, तुम्ही लाडाने गुदमरवलंत. पाणी रोज नाही, आधी कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर घालायचं, जड लागली तर हात मागे घ्यायचा.

तुझी बायको रोज सकाळी कुंडी उचलायची, आठवतं? मी म्हणायचे, “काय गं, वजन करून विकायचीय का?” ती नुसती हसायची. सांगायचं होतं ना! पण मी तिला कधी वाक्य पुरं करू दिलं? शेवटी बाईला कबूल केलं, हे माझेच उद्योग. ती म्हणाली, “कळलं होतं, आजी. ज्या हाताने हे इतकी वर्षं जगवलं, तो हात माती घालणार नाही.”

ता. क. तिचं कपाट मी दहा दिवसांत रिकामं केलं, म्हणून तू गेलास. मला वाटलं, डोळ्यांसमोर नसलं की तुला सोपं जाईल. तेही माझं शेणखतच.

आणखी एक ता. क. वर तीन मुळं लिहिली, तुला बरं वाटावं म्हणून; खरी दोनच आहेत. तेव्हा सुट्टी लागली की पोरीला घेऊन ये. कुंडी तिला उचलू दे, आईचा हात असेल तिला. आणि तिला मी उचलून बघेन, गुडघा गेला खड्ड्यात. किती जड झाली ते पत्रातून कळत नाही.

उत्तर तू लिहायचं नाहीस. पोरीने लिहायचं. तिला अजून खोटं ‘ठीक’ लिहायची सवय लागलेली नाही.