इस्त्रीचा प्लग

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण हल्ली आपल्या घरून पत्र म्हणजे काहीतरी वाईटच असणार असं तुला वाटेल, आणि त्यात तुझी काही चूक नाही. फोनवर आपण बोलतो ते पाऊसपाणी, बाबांचे गुडघे आणि वहिनीची भाची आता कितवीत गेली, एवढंच. मला जे सांगायचंय ते मी तीनदा फोनवर सांगायला घेतलं आणि तीनही वेळा दारावर कोणीतरी आलंय असं खोटंच म्हणून फोन ठेवला. पत्रातून तसं पळता येत नाही. बत्तीस वर्षांपूर्वी जे तोंडाने सांगायला हवं होतं ते आता लिहिते आहे, आणि तू इकडे येशील की नाही हे बहुतेक त्यावरच ठरणार आहे. आई गेली तेव्हा तीन दिवस आलास त्याला नऊ वर्षं झाली. बाबा मोजतात. बोलून दाखवत नाहीत, पण मोजतात.

बाबांची नजर आता जवळजवळ गेलीच म्हणायची. खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यापुढे सुधारणा नाही असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा बाबा त्यांनाच म्हणाले, की ठीक आहे, चाळीस वर्षं वायरमन म्हणून अंधाऱ्या माळ्यांवर चाचपडतच काम केलंय, सवय आहे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, कपाटावरचे डबे काढ. मी गेल्यावर ते भंगारात जायचे तर जाऊ देत, पण काय गेलं ते तरी कुठेतरी लिहिलेलं असावं.

डबे म्हणजे अर्थातच प्लगांचे. आई म्हणायची ते आठवतं? लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, आमच्या ह्यांनी जमवले प्लग. चोर आला तरी डबा उघडून हसत परत जाईल. एकदा तर पाहुण्यांसमोरच म्हणाली की माझ्या सासरी सोनं फारसं नाही, पण पितळेच्या पिना मोजा हव्या तेवढ्या.

तर गेले तीन महिने दर रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही जेवणाच्या टेबलावर बसतो. मी डब्यातून एकेक प्लग बाबांच्या हातात देते, ते बोटांनी बघतात आणि सांगतात, मी वहीत लिहिते. मग प्लगला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी वाचून मी ताडून पाहते. अजून ते फारसे चुकलेले नाहीत. दोनशे चौदा प्लग आहेत, दादा. इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. तपकिरी बेकलाइटचे, ज्यांना नाकाशी धरलं तर अजूनही जळक्या गुळासारखा वास येतो. पांढऱ्या चिनी मातीचे, कडा उडालेले. लाकडी मुठीचा एक. दिव्याच्या होल्डरमध्येच बसायचा तो लांबट, ज्यावर लोक दिवा काढून इस्त्री चालवायचे. न्हाव्याच्या दुकानातला, ज्याच्यावर कुत्र्याचे दात आहेत. शिंपीणबाईंच्या मशीनचा, ज्याच्या पिनेला त्यांनी नेमकी बसावी म्हणून चंदेरी कागद गुंडाळला होता. त्यावरून बाबांनी त्यांना काय झापलं होतं! आणि निवृत्त मास्तरांच्या रेडिओचा, त्याच्या चिठ्ठीवर "काढला का" या सदरात बाबांनी लिहिलंय, "ऐकणारे गेले."

त्यांची पद्धत तुला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोणाचा प्लग बदलला की जुना मागून आणायचा. तो उघडायचा नाही, पुसायचाही नाही. चार बोटं वायर ठेवून कापायची, म्हणजे आतला जोड जसाच्या तसा राहतो. तो जोड म्हणजे माणसाची सही, असं ते म्हणायचे. तार किती सोलली, पीळ कसा घातला, स्क्रूभोवती कुठल्या बाजूने फिरवली, यावरून, कामावर एखादा बोर्ड उघडला की, गावातल्या कुठल्या वायरमनचं काम ते ओळखायचे. आपण दोघं त्याच टेबलावर शिकलो. तार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते. उलटी गुंडाळली तर आवळताना बाहेर ढकलली जाते आणि एखादा तंतू सुटतो. तुझी तार पहिल्याच दिवशी नीट बसली. माझा डावा हात मात्र ती उलटीच फिरवायचा. डावरी, तुझ्या तारेला घरी थांबायचंच नसतं, असं म्हणून तू मला चिडवायचास आणि मग बाबांची पाठ वळली की ती गुपचूप सोडवून सुलटी करून द्यायचास. तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मदत केल्याचं तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

त्या दिवशी सोडवून द्यायला तू घरात नव्हतास.

इस्त्रीचा प्लग तडकला होता आणि संध्याकाळपर्यंत बदल असं बाबा तुला सांगून गेले होते. तू सायकलचं पंक्चर काढायला गेलास. नवा प्लग टेबलावर होता, स्क्रूड्रायव्हर शेजारी होता, आणि मी तेरा वर्षांची होते. दहा मिनिटांत जोडला. झाकण लावलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी तो हातात घेऊन आरशात पाहिला, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तू आलास, बघितलंस, माझ्या डोक्यात टपली मारलीस आणि म्हणालास, वा, माझं काम वाचलं. उघडून बघितलं नाहीस. मी तुला बघ म्हटलंही नाही.

मग आई बाबांच्या सदऱ्याला इस्त्री करायला उभी राहिली. ती मागे फेकली गेली तो आवाज मी विसरलेले नाही, आणि इस्त्री तिच्या पायावर पडली तोही. बाबांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. आईला खुर्चीत बसवलं, पायावर पाणी ओतलं, आणि मग वळून विचारलं, हा कोणी जोडला? मी दारातल्या पडद्याला धरून उभी होते. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. आणि म्हणालास, मी.

बाबांनी तुला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तूच एकदा म्हणाला होतास. त्यांनी तुझ्या खिशातला टेस्टर काढून घेतला, पंधराव्या वाढदिवसाला दिलेला, आणि म्हणाले, हे तुझं काम नाही. बस, एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तुला कामावर नेलं नाही, आणि तूही कधी मागे लागला नाहीस. अठराव्या वर्षी छापखान्यात नोकरी धरलीस, तीही इतक्या लांब की गाडी दोनदा बदलावी लागते. आणि मी? मी शिकत राहिले. सुलटी तार गुंडाळायला शिकले, भौतिकशास्त्र घेतलं, आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत दर जूनमध्ये नव्या मुलांना पहिला धडा देते तो प्लग जोडण्याचा. पोटासाठी जे काही करते ते तुझ्या एका शब्दावर उभं आहे. हे मला पूर्वीच कळलं होतं का? कळलं होतं. मग गप्प का राहिले? पहिल्या दिवशी भीतीने. त्यानंतर, खरं सांगायचं तर, सोयीने.

गेल्या महिन्यात वहिनी फोनवर हसत म्हणाली, वन्सं, तुमचा भाऊ वायरमनच्या पोटी जन्मून बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो, स्टुलावर चढ म्हटलं की चेहरा असा करतो जणू मी विहिरीत उडी मार म्हटलंय. मीही हसले.

आता गेल्या रविवारचं. शेवटच्या डब्यात तळाशी एक तपकिरी प्लग होता, साधाच, फारसा जुनाही नाही. चिठ्ठी बांधलेली होती, पण कोरी. मी तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली आणि फिरवतच राहिले. मग म्हणाले, हा लिहू नकोस. मी विचारलं, कोणाकडचा? म्हणाले, आपल्याकडचा, इस्त्रीचा. आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. ज्या माणसाने दोनशे तेरा प्लग कधी उघडले नाहीत त्याने तो न बघता, अंगठ्याने खाच शोधून उघडला आणि माझ्यापुढे धरला. वाच, म्हणाले, तार कोणीकडून आलीय ते. मला वाचायची गरज नव्हती. तार उलटी होती, आणि तिचा एक केसाएवढा तंतू सुटून शेजारच्या, अर्थच्या पिनेला टेकला होता.

त्यांना माहीत होतं, दादा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी तो उघडून पाहिला होता. त्यांना सही ओळखता येत होती, ती तुझी नव्हती. आणि त्यांनी आणखी एक पाहिलं होतं. तो तंतू तिथे टेकला तरी फ्यूज उडायला हवा होता, सुटलेली वीज अर्थच्या तारेतून जमिनीत जायला हवी होती. ती गेली नाही आणि इस्त्रीत उतरली, कारण मागच्या अंगणात आपल्या घराची अर्थची तारच गंजून तुटलेली होती. लोकांच्या घरात शिरल्यावर मी पहिली अर्थची तार बघायचो, म्हणाले, आणि स्वतःच्या घरची सहा वर्षं बघितली नव्हती. तुझी तार सुटली ते तुझं शिकणं होतं. ही चूक माझी होती. आणि शिक्षा कोणाला केली, तर ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला.

मी विचारलं, मग त्याला सांगितलं का नाहीत? रोज सांगणार होतो, म्हणाले, आणि मग तो गेला. मग प्लगचं झाकण परत बसवत त्यांनी मला विचारलं, तुला तर माहीतच होतं ना, तो "मी" म्हणाला तेव्हा? मी हो म्हटलं. म्हणाले, मग आपण दोघं सारखेच.

मी माझ्या घरी परत आल्यावर त्या वर्षीची डायरी काढली. मी रोजनिशीत खोटं लिहीत नाही असं मित्रमैत्रिणींत सांगत आलेय, थोडं मिरवतच. त्या दिवसाचं पान असं आहे: "आईच्या पायावर इस्त्री पडली. दादाने प्लग चुकीचा जोडला होता." माझंच अक्षर, चांगलं वळणदार. समासात मी आता खरं काय ते लिहिलं आहे आणि तारीख घातली आहे. पण माझ्या समासातलं तुझ्यापर्यंत कसं पोहोचणार? म्हणून हे पत्र. तुझं काही चुकलं नव्हतं. हे वाक्य मी इथे उगाच लांबवत नाही. माफ कर असं लिहिण्याचा धीर अजून होत नाही, ते तुझ्यासमोर म्हणेन.

एक सांगायचं राहिलं, आणि आज घाईने लिहायला बसले ते त्यासाठीच. बाबांच्या खोलीतला सॉकेट मंगळवारी जळाला. मी अवजारांची पेटी घेऊन गेले तर म्हणाले, राहू दे. शेजारच्या गल्लीतला वायरमन आला, त्यालाही चहा पाजून परत पाठवला. दादाला सांग, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तो बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो. तर हसले आणि म्हणाले, म्हणूनच. त्या कोऱ्या चिठ्ठीचंही तेच: ती त्याने लिहायची, त्याला हवं ते. प्लग पोस्टाने पाठवू का विचारलं तर नको म्हणाले. तुझा टेस्टर कुठे आहे ते मला माहीत नाही. डब्यांत मिळाला नाही, खोटं कशाला लिहू. त्या खोलीचा फ्यूज मी काढून माझ्या पर्समध्ये ठेवलाय, त्यामुळे धोका काही नाही. फक्त बाबांचा रेडिओ बंद आहे. नजर गेल्यापासून ते दिवसभर तोच ऐकत असतात, आणि आज सहा दिवस ते बंद रेडिओशेजारी बसून आहेत, हट्टाने. अर्थची तार मी अंगणात जाऊन तपासली आहे, दोनदा. नीट आहे. ये.

तुझीच,
डावरी