वर राहिलेले हात

प्रिय राजी,

तुमच्या ट्रेनिंगमध्ये आठवडाभर फोन जमा करून घेतात, हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तू मध्येच "आई, मुद्द्याचं बोल ना" म्हणाली असतीस, आणि मला मुद्द्यापर्यंत जरा लांबून यावं लागणार आहे. रविवारी तू सांगितलंस की पोहण्याच्या परीक्षेत पुन्हा नापास झालीस, आता शनिवारी शेवटची संधी, तीही गेली तर जहाजावरची नोकरी विसरायची. मग रडत रडत आणखी एक वाक्य बोललीस. त्यावर मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, आई रागावली. माझे केस ओले होते गं, आणि त्यांचं पाणी पाठीवर ठिबकत होतं. ते का ओले होते, तिथूनच सुरू करते.

तू गोव्याला ट्रेनिंगला गेलीस आणि घर फार कोरडं झालं. दुपारी तुझ्या खोलीत जाऊन बसायचे. भिंतीवरच्या पोस्टरमधल्या त्या पांढऱ्या जहाजाकडे बघता बघता डोळा लागायचा आणि वाटायचं, खोलीच हळूहळू कुठेतरी निघाली आहे. अशाच एका दुपारी उठले, रिक्षा केली आणि उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका दुकानात जाऊन पोहण्याचा पोशाख मागितला. दुकानदार शेठ म्हणाला, "बेटी के लिए ना, दीदी? साइज बोलो." मी म्हटलं, "मेरे लिए." तो गंभीरपणे वरच्या फळीवरून एक काढून म्हणाला, "तो फिर ये लो. इसका रंग नहीं जाता, चाहे कितना भी डरो." मी इतकी हसले की भाव करायचं विसरले.

तुझ्या बाबांना काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी कारखान्यातून आले की माझे ओले केस बघून म्हणायचे, "सुनेत्रा, हल्ली दोनदोनदा आंघोळ? कुणाला नवस बोललीस?" मी म्हणायचे, "उकडतं." तेही मान डोलवायचे. थंडीच्या दिवसांतसुद्धा डोलवायचे. आता वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं.

दुपारी पोहण्याच्या तलावावर बायकांची बॅच असते. वर पत्र्याचं छत आहे आणि पाण्यावरचा उजेड त्या पत्र्यावर हलत असतो, दूध तापताना साय हलते तसा. शिकवणारी मनाली तुझ्याहून थोडीच मोठी. "काकू, टेन्शन नको ना, पाणी कमरेपर्यंत आहे, बुडायचं म्हटलं तर बसावं लागेल." मी उतरायचे. कठडा धरून पाय मारायचे, तोंड बुडवून बुडबुडे काढायचे. हळूहळू सगळं जमलं. एकच गोष्ट जमेना. पाठीवर झोपून तरंगायचं म्हटलं की माझे दोन्ही हात आपोआप पाण्याबाहेर यायचे, सरळ वर. मनाली ते खाली करायची, ते पुन्हा वर. हात वर गेले की कंबर खाली जायची आणि नाकात पाणी. "ओ काकू, बस थांबवताय का? ही बस नाय थांबणार इथे!" सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचे आणि घरी येताना रिक्षात स्वतःला वाट्टेल ते बोलायचे. एवढी घोडी झालीस, लाज वाटत नाही, लहान पोरी तरंगतात. तुला मी कधी बोलले नसेन असं स्वतःला बोलायचे.

मग एके दिवशी, कान पाण्याखाली होते, बाहेरचं सगळं दूर गेलं होतं, छतावरचा उजेड हलत होता. माझे हात वर गेले आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. राजी, ते रिकामे नव्हते. बोटं अशी वळलेली होती, जशी काखेखाली धरून बाळाला उचलताना वळतात.

आपण पूर्वी बदलापूरला तळमजल्यावर राहायचो, एवढंच तुला माहीत आहे. का सोडलं विचारलंस की मी सांगायचे, बाबांचा कारखाना अंबरनाथला, म्हणून. तेही खरं आहे. पण तू चार महिन्यांची होतीस त्या पावसाळ्यात उल्हास नदी गावात शिरली. पाणी दारातून नाही, आधी मोरीतून वर आलं, गुपचूप, पाहुण्यासारखं. बाबा कारखान्यात अडकलेले. मी तुला घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढले. तिथेही पाणी आलं, गुडघ्याला, कमरेला, मग छातीला. तेव्हा मी तुला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. खाली तुझी झबली तरंगत होती, एक पातेलं गोल गोल फिरत होतं आणि तू वरून त्याच्याकडे बघून हसत होतीस. खरंच हसत होतीस. किती वेळ गेला माहीत नाही. शेजारच्या चांगुणाकाकू आणि त्यांचा मुलगा प्रमोद दोर बांधून खिडकीपर्यंत आले. प्रमोदने तुला घ्यायला हात पुढे केले, तर माझी बोटं सुटेनात. तो ओढतोय आणि मी देत नाही. मग काकूंनी माझं एकेक बोट चोळलं, आणि नेहमी भांडताना आख्खी आळी जागी करणारी ती बाई आपल्या आगरी बोलीत अगदी हळू म्हणाली, "सोर गो बाय आता. पोर पोचली."

तू पोचलीस. मीही पोचले. हातांना मात्र कुणी सांगितलंच नाही. ते तिथेच ओट्यावर राहिले. तुझ्या शाळेची सहल कोंडेश्वरच्या धबधब्याला निघाली की मला ताप यायचा, तो या हातांमुळे. आणि मी इतकी वर्षं त्याला भित्रेपणा म्हणत आले.

त्या दुपारी मी हातांना खाली ओढलं नाही. राहू दे म्हटलं. फार दमलात. मग काकूंच्याच आवाजात, मनातल्या मनात म्हटलं, सोर गो बाय आता, पोर पोचली. पोर तर गोव्याला पोचली, जहाजावर निघाली. डावा हात आधी खाली आला, उजव्याला वेळ लागला. पाण्याने ते घेतले. मी तरंगत होते. मनाली काहीतरी ओरडत होती, ऐकू येत नव्हतं, आणि माझे डोळे भरून वाहत होते, पण पाण्यात ते कुणाला दिसतंय.

आता तुझं रविवारचं वाक्य. "मी भित्री आहे, आई, तुझ्यावर गेलेय." उत्तर द्यायला एवढं लिहावं लागलं. हो राजी, माझ्यावरच गेली आहेस. पण कशावर गेली आहेस ते तुला माहीत असावं, म्हणून हे पत्र. शनिवारी पाण्यात अंग आखडलं तर त्याच्यावर ओरडू नकोस. तेही त्या ओट्यावर होतं, माझ्या हातांत. कदाचित अजून वाट बघत असेल कुणी सांगायची. त्याला सांग, पोचलो आपण. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर घरी ये, लाजू नकोस, दुपारच्या बॅचला ये. मी तुला उचलून धरणार नाही आता. शेजारी तरंगेन.

तुझीच, अजून केस न वाळलेली,
आई