मागचा आकडा

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून हसशील. घरी न पाठवता ऑफिसच्या पत्त्यावर का पाठवलं, तेही कळेल.

मी मजेत. हॉस्टेलचं जेवण बरं आहे, खोलीतली मैत्रीण घोरते. बोटांवरचा पांढरा रंग काही निघत नाही. दागिन्याचं चित्र आम्ही राखाडी कागदावर काढतो, मग खड्यांची चमक पांढऱ्याने उठते. हार अर्धाच काढायचा. उरलेला अर्धा ट्रेसिंग पेपर उलटा करून उमटवायचा. आळशांसाठी उत्तम विद्या!

तुझ्या लग्नाचा हार मात्र जमेना. कागद फाडते, खोलीत येरझारा घालते, पुन्हा बसते. परवा वर्गात बाईंनी चित्र पाहिलं. "पुढून झकास. पण ही मान आहे की खुंटी? हार अडकवायचा मागचा आकडा कुठाय? घालणारीला एकटीला काढता येईल का?"



रविवारी तुला फोन केला, तो होणाऱ्या भाऊजींनी उचलला. हल्ली तेच उचलतात. म्हणाले, "गळ्याला घट्ट बसणारा कर. तिला तसाच आवडतो. आकडा मागेच असू दे, मी लावून देत जाईन." मागून तुझा आवाज आला, "हो, यांना आवडेल तसा."

ताई, तुला घट्ट आवडतं? गणवेशाचं गळ्याचं बटण तू तोडायचीस, आई शिवायची, तू पुन्हा तोडायचीस. नव्या स्वेटरचा गळा तू कात्रीने कापलास आणि "मी कापला" असं सांगून मार मी खाल्ला.

मी चित्रच बदललंय. सोबत ठेवलंय. हार सैल, छातीवर रुळणारा. आकडा पुढे, पानाच्या नक्षीआड. एका हाताने उघडतो. कागदाचा करून, गळ्यात घालून, डोळे मिटून मी काढून पाहिला. भाऊजींना दाखवलेला नाही.

हा हवा असेल तर कळव, रंग भरते. कुठलाच हार नको असेल तर काही कळवत बसू नकोस. सरळ निघून ये. घोरणारीला भिंतीकडे सरकवलं की दुसरी गादी मावते. आई-बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन.

पुन्हा मार खायला तयार असलेली,
तुझी धाकटी