आईच्या हातावरचा राम

सेक्टर सहा, भिलाई
दि. २४ ऑक्टोबर १९६१

सौ. अंजनाताईस,

धाकट्या दौलतचा नमस्कार. तुझं कार्ड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाती आलं. आम्ही इकडे खुशाल आहोत. भाऊजींचा दमा कसा आहे? त्यांनी इथल्या धुराबद्दल विचारलं होतं. त्यांना सांग, धूर पुष्कळ आहे, पण दिसायला चांगला आहे. संध्याकाळी भट्टीतली वितळलेली लाल मळी बाहेर ओततात तेव्हा अर्धं आभाळ लाल होतं. नवे आलेले लोक दाराबाहेर उभे राहून बघतात. आम्ही आता बघत नाही.

माझी नोकरी पक्की झाली हे मागे कळवलंच आहे. रोलिंग मिलमध्ये फिटर आहे. शिमग्याला हा नवा क्वार्टर मिळाला. दोन खोल्या, नळ घरात, मागे अंगण. डावीकडे तेलुगू, उजवीकडे पंजाबी, समोर बंगाली. सगळी माणसं चांगली आहेत असं तुझी भावजय लतिका म्हणते, कारण कोण काय बोलतं ते तिला कळत नाही. आपली कमल दुसरीत गेली. शाळा हिंदी, खेळणं हिंदी, आता भांडणंही हिंदीत. परवा मी रागावलो तर मला म्हणाली, "बाबा, ठीक से बोलिए." मी ठीक बोलायला लागलो. काय करणार!

तू भाऊबीजेला येतेस, आईसाठी जांभळं लुगडं घेऊन ठेवलंस, हे वाचून लतिकाला आनंद झाला. मला झाला नाही. तुझं लक्ष लहानपणापासून बारीक. तू लिहितेस, गेल्या चार पत्रांत आईचा एकही निरोप नाही, नुसतं "आई बरी आहे" एवढंच असतं. ताई, ते खोटं नव्हतं. आई बरी आहे. आमच्या सगळ्यांपेक्षा बरी आहे. पण ती आमच्याकडे नाही.

घाबरू नकोस. ती याच गावात आहे. सेक्टर एकमध्ये, आमच्या जुन्या क्वार्टरात. तिथे आता बाबुलाल म्हणून एक माणूस राहतो. मूळचा कुरुदकडचा, शेत कारखान्यात गेलं आणि त्याबदली नोकरी मिळाली. बायको दुर्गा, तिला तान्हं मूल. आमच्या नात्याचे ना गोत्याचे. आषाढापासून आई त्यांच्याकडे राहते.

तुला आठवत असेल, बाबा गेले आणि तुमसरची रेल्वेची खोली सोडायची वेळ आली तेव्हा तू म्हणालीस, आईला माझ्याकडे राहू दे. आईनं कानावर हात ठेवले. लेकीच्या घरी चार दिवसांवर पाणी प्यायचं नाही, हा तिचा नेम. मग मी छाती काढून म्हणालो, माझी आई माझ्याकडे येईल, तिथे नवं शहर होतंय, राणीसारखी राहील. तू स्टेशनवर मला बाजूला घेऊन म्हणाली होतीस की तिला तिथे बोलायला कोण आहे. मी तुला हसलो होतो.

कोणी नव्हतं, ताई. कारखान्यातल्या रशियन साहेबाचं आणि माझं हाताच्या खुणांवर भागतं. आईचं आणि माझं मराठीत भागत नव्हतं. मी ड्यूटीवरून आलो की जेवून झोपायचो. लतिकाला तिच्या हातचं तिखट लागायचं. कमल हिंदीत उत्तरं द्यायची. आई दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय बाई, झाला का सैपाक?" विचारायची आणि त्या बायका हसून पुढे जायच्या.

गेल्या साली श्रावणात ती तरोट्याची भाजी खुडायला म्हणून बाहेर पडली. परतताना चुकली. चुकणारच. इथे सगळ्या गल्ल्या एकसारख्या, सगळे क्वार्टर एका मापाचे, दारांचा रंगसुद्धा एकच. आपलं घर समजून ती एका बंगाल्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि भाजी निवडायला लागली. त्या बाईनं आरडाओरडा केला. आई घाबरून निघाली ती थेट उतईच्या रस्त्याला लागली. लोक विचारत होते, क्वार्टर नंबर? पोराचा कारखान्यातला टोकन नंबर? ती सांगत होती, गुलाबरावाच्या पोराचं घर. तुमसरला स्टेशनवर बाबांचं नाव घेतलं तर कुत्रंसुद्धा घरापर्यंत पोचवायला आलं असतं. इथे कोण गुलाबराव? संध्याकाळी कारखान्याच्या एका ट्रकवाल्यानं तिला आणून सोडलं. भाजी तशीच ओच्यात होती.

मी चिठ्ठीवर नंबर लिहून तिच्या पदराला बांधला. तिनं लुगडं धुतलं, चिठ्ठीचा लगदा झाला. दुसरी बांधली, ती तिनं सोडून टाकली. म्हणाली, मी काय पार्सल आहे?

आमच्या कारखान्यात प्रत्येक पान्यावर नंबर ठोकलेला असतो. कुठेही पडला तरी ज्याचा त्याला परत येतो. मला ते तिथूनच सुचलं. मला वाटलं, काय डोकं चालवलं आपण.

पौषात मी तिला उतईच्या आठवडी बाजाराला नेलं. तिथे गोंदणारी बाई बसते. आईच्या उजव्या हातावर लग्नाआधीचं तुळशीवृंदावन आहे, तुला माहीत आहे. त्याच्या खाली जागा होती. मी त्या बाईला कागदावर लिहून आणलेलं दाखवलं. एक, बारा, तीन. म्हणजे सेक्टर एक, सडक बारा, क्वार्टर तीन. आईनं विचारलं, "काय गोंदून राहिली रे ही?"

मी म्हणालो, "रामाचं नाव हाय, आई."

ताई, हे लिहायला मला अर्धी रात्र लागली. खरं सांगितलं असतं तर तिनं हात पुढे केला नसता, हे मला माहीत होतं. मेल्यावर दागिना इथेच राहतो, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती आपल्याला सांगायची ना? तिनं हूं की चूं न करता गोंदून घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. परतताना बसमध्ये म्हणाली, तुझ्या बापानं कधी केलं नाही ते तू केलंस.

त्यानंतर ती रोज आंघोळ झाली की हात कपाळाला लावायची. शेजारणींना दाखवायची, "माह्या लेकानं रामाचं नाव गोंदून देल्लं." ज्यांना वाचता यायचं त्या माझ्याकडे बघायच्या. ज्यांना यायचं नाही त्या हात जोडायच्या. लतिका मला म्हणाली, सांगून टाका. मी म्हणालो, ती सुखात आहे, कशाला सांगायचं? आणि खरंच ती त्या दिवसांत आनंदात होती. दोन महिने आमच्या घरात भांडण नव्हतं.

शिमग्याला क्वार्टर बदलला. हातावर पत्ता एक आणि आम्ही राहतो भलतीकडेच. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. नोकरी पक्की झाल्याच्या आनंदात होतो.

आषाढात शाळा सुरू झाली. कमलला नव्यानं वाचायचा नाद लागला होता, पाट्या, डबे, दिसेल ते वाचायची. आईच्या मांडीवर बसली होती. हात हातात घेऊन म्हणाली, "दादी, इस पर तो अपना पुराना नंबर लिखा है." आईला हिंदी येत नाही म्हणतात, पण एवढं तिला कळलं. तिनं कमलला तीनदा वाचायला लावलं. मग लतिकाला विचारलं. लतिका खोटं बोलली नाही. मी घरी आलो तेव्हा आई जेवत होती. नेहमीसारखी वाढून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. या वेळी चुकली नाही. रस्त्यात भेटेल त्याला हात दाखवत गेली आणि लोकांनी तिला बरोबर नेऊन पोचवलं. दुर्गानं दार उघडलं. दिवस भरत आलेली पोर, घरात मोठं माणूस कोणी नाही. आईनं तिच्या पोटाकडे बघितलं, आत गेली आणि चूल हातात घेतली. त्याच आठवड्यात तिचं बाळंतपण आईनं केलं.

मी चौथ्या दिवशी आणायला गेलो. तिला म्हणालो, चार दिवस वेड्यासारखा शोधतोय, कुरुद पालथं घातलं, उतईला जाऊन आलो, पोटात अन्नाचा कण नाही. ती म्हणाली, "तूच लिवला ना पत्ता? तिथंच आली मी. आता कावून नेऊन राहिला?" दुर्गा पदर सावरून मध्ये आली. "दाई ला इहें रहन दे, भइया," म्हणाली. दाई म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आईला त्यांच्या छत्तीसगढीतलं निम्मं कळतं, तिचं निम्मं त्यांना कळतं. तेवढ्यावर त्यांचं मस्त चाललंय. लेकीच्या घरचं पाणी न पिणारी आपली आई परक्याच्या घरी दोन वेळा जेवते.

आता जे लिहितो ते लतिकालाही नीट माहीत नाही असं मी समजतो, पण तिला माहीत असणार. मी शोधलं नाही. कुरुदला गेलो नाही, उतईलाही नाही. ती गेली त्याच दिवशी दुपारी आमच्या मिलमधल्या एकानं मला सांगितलं होतं, तुझी म्हातारी जुन्या क्वार्टरात बसली आहे. मी बरं म्हणालो आणि कामाला लागलो. घरी आलो, जेवलो. घर शांत होतं. कोणी खोकत नव्हतं, दारातून कोणी हाका मारत नव्हतं. चार दिवस मी गाढ झोपलो, ताई. असा झोपलो की तुमसर सोडल्यापासून तसा झोपलो नव्हतो. चौथ्या दिवशी लोक काय म्हणतील म्हणून गेलो.

त्यानंतर पाच-सहादा गेलो. चहा देते, बोलत नाही. काल कोजागिरी होती म्हणून दूध घेऊन गेलो आणि तुझं कार्ड वाचून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, अंजनाला सगळं लिही, आणि पेटीत टाकायच्या आधी मला वाचून दाखव. म्हणून हे लिहिलं. तू आलीस आणि तिला समजावलंस तर ती ऐकेल असं वाटतं. इथे सगळा सेक्टर विचारतो, आई कुठाय? मला तोंड दाखवणं कठीण झालंय. तिला घरी आण, एवढं कर.

रविवार, दि. २९

ताई, पत्र टाकलं नाही. आज सकाळी ते घेऊन आईकडे गेलो होतो. तेव्हा काय झालं तेही लिहितो.

ओसरीवर ती बाळाला तेल लावत बसली होती. पाय लांब केलेले, बाळ पायांवर. समोर दुर्गा, बाजूला बाबुलाल. मी वाचायला लागलो. धुराचं वाचलं, कमलचं वाचलं, गोंदणाचं सगळं वाचलं. मग ते चार दिवसांचं आलं. ते मी गाळलं. कागदावर नजर ठेवून सरळ कोजागिरीवर आलो. तिला वाचता येत नाही, मला काय कठीण होतं?

वाचून झालं. आई म्हणाली, "झालं?"

"झालं."

"बाबुलाल, आता तू वाच बेटा."

बाबुलाल चौथीपर्यंत शिकलेला आहे. त्याला मराठी येत नाही, पण अक्षरं तीच. तो बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेला. कुठला शब्द कुठे तोडायचा ते त्याला कळत नव्हतं, पण त्यानं एकही ओळ सोडली नाही. मी जे गाळलं होतं तिथे तो आला. अर्थ लागायला लागला तसा त्याचा आवाज खाली गेला. थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, वाच. त्यानं वाचलं. गाढ झोपलो, ताई, इथपर्यंत वाचलं.

आई बाळाचे हात चोळत होती, ती चोळतच राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्हीला तयार होतो. ती म्हणाली, "हे खरं हाय. मले बी ते चार दिवस लय ब्येस झोप लागली."

एवढंच. मग पत्राचा शेवट ऐकला आणि म्हणाली, अंजनाला घरी आण वगैरे सांगू नकोस, ती यायची तर इथे येईल, लुगडं इथेच आण म्हणावं. दुर्गाला तिची ओळख करून द्यायची आहे. भाऊबीज तुम्ही बहीणभाऊ कुठे करायची ते तुमचं तुम्ही बघा.

मी कागद घडी घालायला लागलो तर तिनं थांबवलं. या पोराचं लिहिलेलं कोणी खरं मानायचं कशावरून, असं तिनं मलाच विचारलं. बाबुलालकडे शाई नव्हती. दुर्गानं बाळाच्या काजळाची डबी पुढे केली. आधीच्या मजकुराखाली जो काळा डाग दिसतो तो आईचा अंगठा आहे. त्याच्या वरचं सगळं खरं आहे, एवढंच तो सांगतो. आशीर्वाद वगैरे तिनं काही सांगितलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

दौलत